गृहोद्यान : मांजराच्या घरांतील पाम

कोल्हापुरांतील जुन्या वाड्यांच्या माजघरांत ऊन सहसा पोंचत नाहीं. पण तेथेंही एखादें हिरवें झाड असावें, असें गृहिणीस वाटतेंच. अशा मंद उजेडास चामिडोरिया, म्हणजे रोपवाटिकेंतील 'पार्लर पाम', उत्तम. मेक्सिको व ग्वाटेमाला येथील अरण्यांत तो मोठ्या वृक्षांच्या सावलींतच वाढतो. म्हणून खिडकीपासून तीनचार हात दूरही तग धरतो. त्याचीं पानें मांजरानें वा कुत्र्यानें चघळलीं तरी विषबाधा होत नाहीं.

मात्र 'पाम' एवढ्या नांवावर विसंबूं नये. 'सागो पाम' म्हणून विकला जाणारा सायकस हा मुळीं पामच नव्हे. त्याचे सर्वच भाग विषारी असून, एकदोन बिया पोटांत गेल्या तरी कुत्र्याचें यकृत निकामी होऊन प्राणावर बेतूं शकतें. खूण सोपी आहे. सायकसचा बुंधा जाड व खरबरीत, पानें ताठ व टोंकांस बोंचणारीं. चामिडोरियाच्या कांड्या बोरूसारख्या बारीक व हिरव्या, पानें मऊ. खरे पामही सगळेच निरुपद्रवी नसतात. आपल्या सह्याद्रींतील भेर्ली माडाच्या फळांचा रस अंगास लागला तरी आग होते.

निगा थोडीच. वरची माती बोटभर कोरडी झाल्यावरच पाणी घालावें. आषाढ-श्रावणांत कित्येकदां आठवडाभरही लागत नाहीं. बशींत पाणी सांचल्यास मुळें कुजतात. उन्हाळ्यांत ओल्या फडक्यानें पानें पुसावींत, म्हणजे लाल कोळ्याचा उपद्रव कमी होतो. शेंडा कधीं खुडूं नये. ती कांडी पुन्हां फुटत नाहीं.

घरांत रांगतें मूल वा मुकें जनावर असेल, तर झाडाचें पूर्ण नांव विचारून घेणें हीच पहिली निगा होय.