बिनव्याजी हप्त्याचे व्याज

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. व्याज जबर होते, एवढीच कुणब्यांची तक्रार नव्हती. रोख्यावर लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम यांचा मेळ बसत नसे, हे त्यांचे खरे दुखणे होते. म्हणूनच १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली.

आज दुकानोदुकानी ‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी झळकते. तिच्या मागे जाऊन कोण पाहतो? आमच्या नातवाने असाच २४,००० रुपयांचा मोबाइल घेतला आणि “आजोबा, एक पैसा व्याज नाही,” असे अभिमानाने सांगितले. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

दरमहा २,००० रुपयांचे बारा हप्ते. बँकेचा दर सालीना १५ टक्के धरला, तर या हप्त्यांचे आजचे मूल्य सुमारे २२,१६० रुपये होते. विक्रेत्याच्या बाजूला तेवढीच रक्कम पडते. उरलेले सुमारे १,८४० रुपये व्याजच असते. ‘सवलत’ या नावाखाली ते बँकेकडे वळते होते. शिवाय व्यवहार क्रेडिट कार्डावरचा असेल, तर त्या व्याजावरील १८ टक्के कर, म्हणजे सुमारे ३३१ रुपये, आणि असल्यास प्रक्रिया-शुल्क ग्राहकाच्याच माथी!

तरीही या व्यवहारातला मोठा अन्याय कार्डधारकावर होत नाही. २२,१६० रुपयांत ही वस्तू विकणे परवडते, याची कबुली विक्रेत्यानेच दिलेली असते. मग भिशीचे पैसे पदरात बांधून आलेल्या घरकामगार बाईकडून पूर्ण २४,००० का घेतले जातात? जिला बँक कार्ड देत नाही, जी उधार मागत नाही, तिला ही सवलत नाकारली की पतवंताच्या व्याजाचा भार तिच्या किमतीत मिसळतो. उधारीला बक्षीस आणि काटकसरीला दंड, असे हे उफराटे अर्थशास्त्र आहे.

हप्त्यांमुळे सामान्यांच्या घरी शिलाई यंत्र आले, फ्रिज आला, हे मी नाकारीत नाही. हप्ता हे पाप नव्हे. आक्षेप आहे तो खोट्या नावाला. ‘ग्राहक स्वतंत्र आहे, त्याने निवड करावी,’ असे बाजाराचे कैवारी सांगतात. आम्हीही वर्गात तेच शिकवीत आलो. परंतु किंमतच झाकलेली असेल तर निवड कशाची करायची, हा प्रश्न आम्ही फारसा विचारला नाही.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले. २०२२ मध्ये कार्ड देणाऱ्यांना पुन्हा सांगितले की मुद्दल, व्याज आणि सवलत वेगवेगळी दाखवा, व्याजाच्या हप्त्याला विनाखर्च हप्त्याचे सोंग देऊ नका. परिणाम एवढाच झाला की खरा आकडा बारीक अक्षरांत गेला आणि पाटी मोठ्या अक्षरांत तशीच राहिली.

आपली मागणी साधी असावी. प्रत्येक वस्तूवर रोखीची किंमत आणि हप्त्यांची किंमत शेजारीशेजारी, सारख्याच अक्षरांत लिहिणे बंधनकारक करा. हप्त्यावर मिळणारी सूट रोख गिऱ्हाइकालाही द्या. कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा आणि दुकानात ‘रोखीने कितीला?’ हा प्रश्न न लाजता विचारावा.

सुप्याच्या बहुतेक कुणब्यांना रोखा वाचता येत नव्हता. आपल्याला येतो; आपण वाचत नाही. त्यांच्या अज्ञानाला निदान सबब होती.