मौनाची भाषा : दहा मीटर खाली

'शब्दांपलीकडली भाषा' हा मराठी समीक्षेचा एक लाडका भोंगळपणा आहे. हल्ली तो तारकर्लीपर्यंत जाऊन पोचला आहे. मालवणच्या समुद्रात स्कूबा करून आलेले रसिक सांगतात की खाली सगळा व्यवहार हातांच्या खुणांनी चालतो, आणि माणूस म्हणे शब्दांच्या जाचातून सुटतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. शब्दांची इतकी ताबेदार भाषा दुसरी क्वचितच असेल. तिच्यातील प्रत्येक खुणेचा अर्थ आधी काठावर, शब्दांतच, ठरवून घ्यावा लागतो.

मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांच्या कवितेतली 'शीळ' ज्याच्या त्याच्या मनात हवी तशी घुमावी. कविता त्यावरच जगते. पाण्याखाली ही चैन नाही. उभा अंगठा जमिनीवर 'झकास' असतो, तिथे त्याचा अर्थ 'वर चला' एवढाच. खुशालीसाठी अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करायचे. तेच प्रश्न आणि तेच उत्तर; उत्तर आले नाही तर काहीतरी बिघडले आहे असे समजायचे. पंजा आडवा धरून डुगडुगवला की अडचण, मग बोट अडचणीच्या जागेकडे. छातीवर मूठ म्हणजे हवा कमी आहे, गळ्यावरून आडवा हात म्हणजे हवा संपली. (हवाच, टाकीत ऑक्सिजन भरलेला असतो ही समजूतही अशीच भाबडी. सहसा तिथे दाबून भरलेली साधी हवा असते.) अनेकार्थतेचे कौतुक इथे कोणी करू नये.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. लोणारचे खारे सरोवर आहे, पण ते काही पोहण्याचे पाणी नव्हे. इकडचा पोहणारा तयार होतो विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. आणि विहीर त्याला शिकवते ते बुडी मारताना श्वास कोंडून धरायला. स्कूबात हीच विद्या जिवावर बेतते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे घेतलेला श्वास रोखून वर आल्यास छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणजे विहिरीतला पट्टीचा पोहणारा इथे निरक्षरच. त्याला खुणेमागचे कारण कळायला हवे, आणि तेही त्याच्या मराठीत.

यावर ठरलेला युक्तिवाद असा, की प्रशिक्षक धरून असतोच, पर्यटकाला एवढे कशाला? पण दंडाला धरलेल्या हाताला कानातली कळ कशी समजावी? ती तर पहिल्या दोन-तीन मीटरांतच सुरू होते. तोंडात नळी, डोळ्यांवर मुखवटा. मान हलवली तरी होकार की नकार याचा पत्ता नाही. पाच खुणा दोन मिनिटांत उरकणाऱ्याने त्या माणसाला मुका करूनच पाण्यात सोडलेले असते.

प्रत्येकाने प्रत्येक खूण काठावर स्वतः करून दाखवावी, चुकली तर पुन्हा करावी, आणि तोवर होडी सुटू नये. छायाचित्रे नंतर काढता येतील.