आधी नफा, मग जबाबदारी?

वॉटरफोर्डला आलात की तुम्ही ‘द मॉल’वरचा काच कारखाना बघणारच. लालबुंद गोळा, कारागिराची फुंकर, शेवटी दुकान. जरूर बघा. पण पुढच्या दिवाळी पार्टीत “कंपनी टिकली तरच समाजाचं बघता येतं, आधी नफा” असं म्हणण्याआधी याच काचेचा हिशेब ऐका.

जानेवारी २००९मध्ये वॉटरफोर्ड वेजवुड बुडाली. किलबॅरीच्या कारखान्यात कामगार सात-आठ आठवडे ठाण मांडून बसले. नोकरी तर गेलीच, पेन्शन फंडातही मोठी तूट निघाली. याच कंपनीने चार वर्षांपूर्वी रॉयल डोल्टन विकत घेतली होती! दहा कामगार कोर्टात गेले. त्यांच्या हिशेबाने हक्काच्या पेन्शनपैकी १८ ते २८ टक्केच हाती पडणार होते. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचलं. २५ एप्रिल २०१३ला निकाल लागला: निम्मी पेन्शन तरी मिळालीच पाहिजे, देशाची आर्थिक ओढाताण ही सबब चालणार नाही. २०१४ संपता संपता तडजोड झाली, सुमारे १७ कोटी ८० लाख युरोंची. भरले कोणी? सरकारने. म्हणजे इथे कर देणाऱ्या सगळ्यांनी, त्यात आपली मराठी मंडळीही आली.

कामगारच डोईजड झाले होते, असं सांगणारे इथे भेटतात. १९९०चा संप १४ आठवडे चालला, हे खरं. बड्या भागधारकांनी स्वतःचे पैसे ओतले आणि तेही बुडाले, हेही खरं. पण पेन्शन म्हणजे बक्षिसी नव्हे. ती केलेल्या कामाची थकलेली मजुरी. वाण्याची उधारी तशीच ठेवून कोणी “यंदा शिल्लक पडली” म्हणाला, तर तुम्ही त्याला व्यवहारी म्हणाल का? जी कंपनी कामगारांच्या उधारीवर चालते ती टिकलेली नसते; तिचं बुडणं फक्त लांबलेलं असतं.

हे आयरिश लोकांचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. मुंबईचा गिरणी संप १९८२चा. गिरणी कामगारांसाठी म्हाडाने हजारो घरांची सोडत काढली ती २०१२मध्ये. तोवर लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनीवर मॉल उभे राहिले होते.

तुमच्यापैकी कितीतरी जण आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत, शेअर तर बहुतेकांकडे असतील. वार्षिक अहवाल आला की झाडं लावल्याचे फोटो भराभर उलटा आणि पेन्शनच्या तुटीची बारीक अक्षरातली टीप शोधा. लाभांशाचा आकडा त्यानंतर वाचा.