एररचं तोंड दाबू नका



समजा गेवराई तालुक्यातल्या उमापूरला तुम्ही ऑनलाइन सेवा केंद्र टाकलंय. पीक विम्याचे दिवस, काउंटरवर गर्दी. स्कॅनरनं दिवसभरात स्कॅन001, स्कॅन002 अशा दोनशे फाइली केल्या. रात्री प्रत्येकीला शेतकऱ्याचं नाव द्यायचं म्हणून तुम्ही पायथॉनची दहा ओळींची स्क्रिप्ट कुठूनतरी उचलली, रन केली आणि स्क्रीनवर एरर आली.

आता बरेच जण काय करतात? 'ट्राय', 'एक्सेप्ट' आणि त्याखाली 'पास'. एरर गायब, मन शांत! माझं स्पष्ट मत सांगतो, धंद्याच्या कॉम्प्युटरवर यापेक्षा वाईट सवय नाही.

एरर वाचा हो. विंडोजवर 2 नंबर म्हणजे फाइल सापडली नाही. 'लिस्टडिर' नुसतं फाइलचं नाव देतं, फोल्डरचा पत्ता तुम्हीच जोडायचा असतो. 32 म्हणजे ती पीडीएफ दुसरीकडे उघडी आहे, बंद करा. 3 नंबर आपल्याकडे हमखास येतो, कारण नावात आपण '7/12' लिहितो. त्या तिरप्या रेघेमुळे पायथॉनला '7' हे फोल्डर वाटतं. सरळ 'सातबारा' लिहा. तारखेतही तिरपी रेघ नको.

खरी गोष्ट 183 ची. त्या नावाची फाइल आधीच आहे, असं ती सांगते. गावात एकाच नावा-आडनावाची दोन माणसं असतातच ना? विंडोजवर 'रिनेम' तिथं थांबतं. तेच लिनक्सवर चालवलं तर न विचारता जुन्या फाइलच्या जागी नवी बसते. 'रिप्लेस' वापरलंत तर विंडोजवरही तेच. पहिल्याचा सातबारा गेला, रिसायकल बिनमध्येसुद्धा सापडणार नाही. मुदत संपल्यावर तो माणूस कागद मागायला आला, तर काय सांगणार?

म्हणून नावापुढे अर्जाचा नंबर जोडा. आधार नंबर मात्र नको, फाइलचं नाव कुणालाही दिसतं. आधी फोल्डरची कॉपी काढा. पहिल्यांदा नावं बदलूच नका, जुनं नाव आणि नवं नाव फक्त 'प्रिंट' करून बघा. चहा घेत ती यादी वाचा, एकच नवं नाव दोनदा दिसलं तर तिथंच थांबा. ही यादी एक्सेलमध्ये ठेवलीत, तर उद्या उलटी स्क्रिप्ट चालवून जुनी नावं परत आणता येतात.