डोळ्यात कानाचं औषध गेलं, आणि बोल लागला सुनेला!
केळापूर तालुक्यातील नागरिक, दुकानदार आणि ग्रामपंचायतींना जाहीर आवाहन



गेल्या पंधरवड्यात आपल्याच तालुक्यातल्या एका गावात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांनी स्वतःच्या हातानं डोळ्यात कानाचं औषध टाकलं. घरची सगळी माणसं निंदणाला गेली होती. थेंबाची वेळ झाली, फळीवर हात फिरवला, बाटली सापडली, टाकले दोन थेंब. डोळा वाचला हे नशीब. पण त्यानंतर जे चाललं त्यानं आमचं डोकं फिरलं. सुनेनं दोन्ही बाटल्या एका जागी ठेवल्याच कशा? शेजारी तेच बोलले, भेटायला आलेले पाव्हणे तेच बोलले, दवाखान्यातही तिलाच ऐकावं लागलं.

आमच्या दृष्टिबाधितांच्या आणि सोबत्यांच्या गटानं त्या दोन्ही बाटल्या हातात घेऊन पाहिल्या. उंची तीच, प्लास्टिक तेच, झाकण तसंच. नाव इंग्रजीत, आणि अक्षरं इतकी बारीक की आमच्यातल्या धडधाकट डोळ्यांच्या पोरालाही उन्हात जाऊन वाचावी लागली. बाटली अशी बनवणाऱ्याला मात्र कोणी एक शब्द विचारला नाही. तो शब्द विचारायचा म्हणून हे पत्रक काढलं आहे.

ही एकाच घरची गोष्ट नाही. आमच्या गटातल्या प्रत्येकाकडे असे किस्से आहेत. बेसन समजून मैदा भिजवला. बीपीची गोळी आणि साखरेची गोळी यांची पाकिटं हाताला सारखीच लागली. फिनाईलची बाटली सरबताच्या बाटलीशेजारी राहिली आणि थोडक्यात निभावलं. एका अंध ताईंना तारीख उलटलेला बिस्किटाचा पुडा दिला गेला, परत करायला गेल्या तर उत्तर मिळालं, "सोबत कोणाला तरी आणत जा." म्हणजे स्वतःच्या पैशानं पुडा घ्यायलाही माणूस सोबत हवा! ताईंनी दिलेली नोट मात्र बरोबर होती. ती त्यांनी बोटानं ओळखली होती. पाचशेच्या नोटेच्या कडेला पाच उठावदार रेघा असतात, शंभरच्या नोटेला चार, दोनशेच्या नोटेला चार रेघा आणि मध्ये दोन गोल. रिझर्व्ह बँकेनं 2020 च्या जानेवारीत नोट ओळखून बोलणारं ‘मनी’ ॲपही आणलं. आमचे पैसे आम्हाला ओळखता यावेत एवढी सोय देशात झाली. त्या पैशांनी घेतलेला माल ओळखायची सोय कोणी करायची?

जुनी माणसं आठवून पाहा. बाजारात तूर, ज्वारी, मिरची, हळद उघडी मिळायची तेव्हा अंध माणूस फसायचा नाही. दाणा चिमटीत धरून, मिरची नाकाशी नेऊन तो डोळसांपेक्षा चोख माल निवडायचा. आता सगळं गुळगुळीत पाकिटात बंद झालं. वास गेला, स्पर्श गेला, उरली फक्त छपाई, आणि ती आम्हाला दिसत नाही. आमची लाचारी जन्माची नाही, ती पाकिटानं आणली आहे.

आणि आता फवारणीचं बोलू. या जिल्ह्यात ते टाळून चालणार नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, अनेकांच्या दृष्टीवर परिणाम झाला. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता कशी सांगतात? चौकटीतल्या त्रिकोणाच्या रंगानं. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. ज्याला रंगच दिसत नाही त्यानं काय करायचं? ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यानं काय करायचं? युरोपात सामान्य ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या घातक रसायनांच्या बाटलीवर बोटाला लागेल असा उठावदार त्रिकोण बंधनकारक आहे. तिथे औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये छापण्याचा कायदा 2004 पासून आहे. आपल्याकडे विष आणि पाणी दोन्ही हाताला सारखंच!

कायदा नाही असं कोणी सांगू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 43 म्हणतं की सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंच्या निर्मितीला आणि वितरणाला चालना देण्यासाठी सरकारनं पावलं उचलावीत. पावलं दिसली का कोणाला? अंध असलेले राजीव रतुरी 2005 पासून न्यायालयात लढले, तेव्हा कुठे 8 नोव्हेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर 2023 मध्ये खाद्यपदार्थांच्या पाकिटावर दृष्टिबाधितांसाठी क्यूआर कोड द्यावा असं सुचवलं. नुसतं सुचवलं! ऑगस्ट 2023 पासून 300 औषधांच्या ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला, पण तो बनावट औषध पकडण्यासाठी. पाकिटावर तो कोड नेमका कुठे आहे हे बोटाला कळेल अशी एक खाचही नाही. बंद पाकिटावरची सक्तीची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत दिली की नियम पाळला गेला. मराठीची सक्ती नाही. मग कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, आणि गोंड वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनी काय वाचायचं?

"असे लोक आहेत तरी किती?" हा प्रश्न आम्हाला फार ऐकवला जातो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेल्या व्यक्ती सुमारे पावणेसहा लाख होत्या. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्या दर शंभर जणांत जवळजवळ दोघे अंध आढळले, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांचं कारण मोतीबिंदू. विचारणाऱ्यानं आपलं वय मोजावं. "ब्रेल कोणाला येतं?" सगळ्यांना येत नाही, मान्य. म्हणूनच आम्ही नुसतं ब्रेल मागत नाही. "खर्च वाढेल." दिवाळी आली की ‘20 टक्के जास्त’ छापायला नवं पाकीट निघतं, तेव्हा खर्च कोणी मोजला? "मोबाईल आहे ना!" मोबाईल सगळ्यांकडे नाही, आणि पोडावर रेंजही नाही. पुढचे आक्षेप आम्ही ऐकणार नाही, वेळ नाही.

आमची मागणी अशी: औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख मोठ्या, ठळक, मराठी अक्षरांत, डोळ्याच्या आणि कानाच्या औषधांची झाकणं हाताला वेगळी लागणारी, प्रत्येक विषारी वस्तूवर उठावदार त्रिकोण, क्यूआर कोडशेजारी खाच, आणि कोडाला मोबाईल लावला की मराठीत बोलणारी माहिती.

हे दिल्ली-मुंबईत ठरेल. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. आजपासून करायच्या गोष्टी:

1. घरात: डोळ्याच्या औषधाला एक रबरबँड, कानाच्या औषधाला दोन. फिनाईल, ॲसिड आणि फवारणीचं औषध वेगळ्या जागी, कुलपात. हे आज संध्याकाळीच करा.

2. मेडिकलवाल्यांनी: गोळ्या देताना नाव, वेळ आणि मुदत तोंडी सांगा. पिशवीवर जाड मार्करनं मराठीत लिहा. अर्धा मिनिट लागतो.

3. किराणा दुकानदारांनी: ग्राहकानं विचारो न विचारो, तारीख वाचून दाखवा. "सोबत कोणाला आणा" हे वाक्य या तालुक्यात पुन्हा ऐकू येऊ नये.

4. कृषी केंद्रांनी: त्रिकोणाचा रंग आणि त्याचा अर्थ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगा. डब्यावर चिकटवायचे उठावदार त्रिकोण आम्ही कापून देऊ.

5. ग्रामपंचायतींनी: स्व-उत्पन्नातला 5 टक्के दिव्यांग निधी दरवर्षी खुर्च्या आणि सत्कारात का संपतो? येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. मोठ्या अक्षरांची लेबलं, भिंगं आणि ब्रेल पाट्या घ्या.

6. ग्राहकांनी: तारीख उलटलेला माल मिळाला तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार करा. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून देऊ.

7. सगळ्यांनी: न वाचता येणारी रिकामी पाकिटं, खोकी आणि औषधाच्या बाटल्या जमवा. फवारणीचे डबे मात्र आणू नका, त्यांचा फक्त फोटो काढा. 15 ऑक्टोबरला, पांढरी काठी दिनी, ही सगळी पोती पांढरकवड्याला तहसील कार्यालयात निवेदनासोबत ठेवायची आहेत. प्रत अन्न व औषध प्रशासनाला आणि वैध मापन यंत्रणेला जाईल.

आमचा गट लहान आहे. ना कार्यालय, ना पावतीपुस्तक. पण दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्राचे फॉर्म भरून देणं, मोतीबिंदूच्या शिबिराला म्हाताऱ्यांना हात धरून नेणं आणि परत घरी पोचवणं, हे आम्ही कोणाकडून एक रुपया न घेता करत आलो आहोत. आमच्यातले निम्मे स्वतः अंध आहेत आणि एसटीनं एकटे फिरतात. त्यांना कोणाची दया नको आहे. त्यांना पाकीट कळायला हवं आहे.

पाटणबोरीपासून करंजीपर्यंत, रुंझ्यापासून मोहद्यापर्यंत प्रत्येक गावातून एक पोतं आलं पाहिजे. निवडणुकीच्या सभेला ट्रॅक्टर भरून जाता, या कामाला एक दिवस द्या. आणि त्या सुनेला ज्यांनी ज्यांनी बोल लावले त्यांनी पहिलं पोतं उचलावं.

आपले,
केळापूर तालुक्यातील दृष्टिबाधित आणि त्यांची सोबती मंडळी