गोठ्याचं आढं

चार वर्षांमागं पावसानं आमच्या गोठ्याचं आढं मोडलं. बांधावरचं माझंच जांभळ तोडायची परवानगी मागायला गेलो. साहेब म्हणाले, "हा भाग संवेदनशील आहे." सात हेलपाटे झाले, तोवर गुरं ताडपत्रीखाली भिजली. मी राग धरला नाही. रान राखायचं तर थोडी झळ सोसावी, अशी मनाची समजूत घातली.

त्याच उन्हाळ्यात वर सड्याच्या कडेला जेसीबी लागला. डोंगर कापून बंगल्यांना जागा सपाट केली. तिथं संवेदनशील भाग कुठं गेला, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आम्ही बामणोली खोऱ्यातली माणसं. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा मी रांगत होतो. बाप घराचे वासे खांद्यावर घेऊन डोंगर चढला. भाताची खाचरं शिवसागरात गेली, वीज मुंबईपर्यंत गेली. वर उरलेलं रान वाघासाठी राखलं, फुलांसाठी राखलं. २०१२ साली कास पठार जागतिक वारशात गेलं, तेव्हा आम्हालाही बरं वाटलं. आता 'नवीन महाबळेश्वर' म्हणून आमच्या भागातल्या २३५ गावांचा आराखडा निघालाय. आमच्यासाठी राखीव असलेलं रान बंगल्यांना मोकळं कसं?

शहरातल्या वाचकांना सडा म्हणजे उजाड कातळ वाटेल. पण जांभा दगड भोकाभोकांचा असतो. तो पावसाळाभर पाणी पितो आणि पुढं थोडं थोडं करून उतारावरच्या झऱ्यांतून सोडतो. आमची पाण्याची टाकी तीच. वर पाया खणला, बोअर मारलं, संडासाच्या टाक्या गाडल्या, की खालचा झरा आटतो नाहीतर नासतो. आमच्या वाडीचा झरा मे महिन्यातही हंडा भरायचा. औंदा मार्चातच एका कळशीला तास लागला.

"आरं दादा, पोरांना काम मिळंल की," चुलतभाऊ म्हणतो. त्यानं दीड एकर विकली. पोरगा नवी मुंबईत माथाडी, पोरीचं लगीन तोंडावर. त्याला नावं कुठल्या तोंडानं ठेवू? पण मी विचारलं, "काम कसलं रं?"

"वॉचमनचं."

म्हंजे आपल्याच बांधावर काठी घेऊन उभं राहायचं आणि आपलीच म्हस हाकलायची!

आम्हाला विकासाचे विरोधक म्हणतात. अहो, बाळंतीण अडली तर दवाखान्यात पोचवणारा रस्ता आम्हीच मागतोय. पोरींना दहावीपुढं शिकायची सोय मागतोय. पाहुण्यांनी यावं, आमच्या घरात उतरावं, नाचणीची भाकरी खावी, हिशेबानं पैसे द्यावेत. दोन दिवसांच्या पाहुण्यानं डोंगर कापायची गरज नाही. पण वर्षातनं आठ दिवस उघडायच्या घरासाठी बारमाही झरा मारायचा, याला विकास म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्या गोठ्याला अजून बांबूचाच टेकू आहे. नियम काढून टाका, असं मी म्हणत नाही. जो माझ्या आढ्याला लावला, तोच त्या बंगल्यांना लावा. त्यांनाही सात हेलपाटे पडू द्यात आणि शेवटी 'नाही' ऐकू द्यात. मग मी मानीन, की हा कायदा रानासाठी केलाय, गरिबाला अडवायला नव्हे.