दोन आज्ञांमधली आई

बारामतीहून इंदापूरकडे जाताना वाटेत लासुर्णे लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा ऊसपट्टा आहे. जवळच वालचंद हिराचंद यांचे नाव धारण करणारे वालचंदनगर आणि भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना. चर्चच्या नकाशात हा सारा भाग १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात मोडतो. तथापि कॅथलिक कुटुंबे येथे विरळ आहेत. वसईत किंवा वांद्र्यात कॅथलिक आईभोवती धर्मग्राम असतो, महिला मंडळ असते, धर्मभगिनींचे रुग्णालय असते. ऊसपट्ट्यातील विखुरलेल्या कॅथलिक आईला आधार असतो तो सरकारी आरोग्य केंद्रातील परिचारिकेचा आणि दारावर येणाऱ्या आशा कार्यकर्तीचा. लोहाच्या गोळ्या तिथूनच मिळतात, बाळाच्या लसीची तारीख तिथूनच कळते आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर ‘आता ऑपरेशन करून टाका’ हा सल्लाही तिथूनच येतो.

हा सल्ला तिच्या धर्माला मान्य नाही. कॅथलिक शिकवणीनुसार नसबंदी, गोळ्या, तांबी, निरोध ही सर्वच कृत्रिम साधने निषिद्ध आहेत. उलट महाराष्ट्र शासनाच्या लेखी तिसरे अपत्य हीच अपात्रता आहे. अपत्ये किती असावीत, याविषयी दोन बलाढ्य संस्था या बाईला परस्परविरोधी आज्ञा देतात. त्या दोन्ही आज्ञांमध्ये तिच्या प्रकृतीची चौकशी शेवटी येते, हा या विषयाचा खरा गाभा आहे.

चर्चची आज्ञा वाटते तितकी सरळ जन्माला आली नव्हती. डिसेंबर १९६४ मध्ये युकॅरिस्टिक काँग्रेसच्या निमित्ताने पोप सहावे पॉल मुंबईत आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्या वेळी संततिनियमनाच्या प्रश्नावर त्यांच्या पूर्वसुरींनी नेमलेला आयोग रोममध्ये काम करीत होता. पुढे त्या आयोगात जे बिशप आणि कार्डिनल घेतले गेले, त्यांत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांचाही समावेश होता. धर्मपंडित, डॉक्टर आणि काही विवाहित दांपत्ये यांनी मिळून विचार केला आणि १९६६ मध्ये बहुमताचा कौल बंदी शिथिल करण्याच्या बाजूने गेला. पोपनी तो स्वीकारला नाही. २५ जुलै १९६८ रोजी ‘ह्युमाने व्हिटे’ हे पत्र निघाले आणि बंदी कायम राहिली. मात्र त्याच पत्राने जबाबदार पालकत्वाची कल्पनाही मान्य केली. गंभीर कारण असेल तर दांपत्याने अपत्यांत अंतर ठेवावे. परंतु ते स्त्रीच्या नैसर्गिक ऋतुचक्राचा आधार घेऊन, एवढीच अट. आईचे आरोग्य हे असे गंभीर कारण ठरू शकते, हे धर्मगुरूंच्या तोंडून किती जणींना ऐकायला मिळते, हा वेगळा प्रश्न.

शासनाची आज्ञाही तशीच वळणे घेत आली. १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळात महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले, अन्यथा असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य ठरले असते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य पुरुषांवरच्या होत्या. त्या जबरदस्तीची किंमत सत्ताधाऱ्यांना मतपेटीत मोजावी लागली. त्यानंतर कोणत्याही सरकारने पुरुषाच्या वाटेला जाण्याचे धाडस केले नाही. शिबिरे स्त्रियांची भरू लागली. पुढे सक्तीची जागा अपात्रतेने घेतली. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक बंद झाली; २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनी शासकीय नोकरीही बंद केली. हरियाणातील अशाच कायद्याविरुद्ध धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा पुढे करण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो फेटाळला.

मग या दोन आज्ञांमध्ये कॅथलिक आईने प्रत्यक्षात काय केले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ख्रिस्ती स्त्रियांचा एकूण जननदर १.८८ भरला, हिंदू स्त्रियांचा १.९४ होता. ख्रिस्ती म्हणजे सर्वच कॅथलिक नव्हेत, हे लक्षात घेऊनही निष्कर्ष टळत नाही. व्यासपीठावरून काहीही सांगितले गेले तरी घरात निर्णय झालेला आहे. महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत आहे. कॅथलिक घरे या चित्राला अपवाद असतील, असे मानण्यास आधार नाही. फरक असला तर एवढाच, की शस्त्रक्रियेचा टाका भरल्यावरही कॅथलिक बाईच्या मनात एक टोचणी उरते. पापनिवेदनाला जावे की न जावे, कम्युनियन घ्यावे की न घ्यावे, हा हिशेब तिला एकटीलाच करावा लागतो. नवऱ्याला तो सहसा करावा लागत नाही.

चर्चला हे आकडे ठाऊक नाहीत असे नाही. केरळातील पाला धर्मप्रांताने जुलै २०२१ मध्ये पाच वा अधिक अपत्ये असलेल्या कुटुंबांना दरमहा १५०० रुपये आणि चौथ्या अपत्यापासून पुढच्या बाळंतपणांचा रुग्णालयीन खर्च देऊ केला. घटत्या लोकसंख्येची काळजी त्यामागे होती. आता राजकारण्यांनाही तीच काळजी वाटू लागली आहे. आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांतील दोन अपत्यांची अट काढून टाकली आणि तेथील मुख्यमंत्री अधिक मुलांचा पुरस्कार करू लागले. कालपर्यंत ‘दोन पुरेत’ म्हणणारे उद्या ‘तिसरे होऊ द्या’ म्हणतील. दोन्ही वेळा गर्भाशय मात्र त्याच बाईचे. या बाबतीत पोप फ्रान्सिस अधिक मोकळेपणाने बोलले. जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना, सात सिझेरियननंतर आठव्यांदा गरोदर राहिलेल्या एका स्त्रीचे उदाहरण देऊन त्यांनी त्या वागण्याला बेजबाबदारपणा म्हटले आणि चांगला कॅथलिक होण्यासाठी सशांसारखी वीण वाढवण्याची गरज नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. शिकवण त्यांनी बदलली नाही. पण आईच्या पोटावरचे व्रण मोजणारा पोप जगाने त्या दिवशी पाहिला.

चर्चने मान्य केलेल्या नैसर्गिक पद्धतीची टिंगल करण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या दांपत्याने विकसित केलेली पद्धत स्त्रीला स्वतःच्या शरीराची चिन्हे ओळखायला शिकवते. तिला पैसे लागत नाहीत आणि औषधांचे दुष्परिणामही नाहीत. मदर तेरेसा यांनी १९७९ च्या नोबेल भाषणात कोलकात्याच्या गरीब वस्त्यांत नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवत असल्याचे अभिमानाने सांगितले होते. मात्र ही पद्धत दोन गोष्टी गृहीत धरते : रोजची नोंद ठेवण्याइतकी स्वस्थता आणि ठरावीक दिवस संयम पाळणारा नवरा. ऊसतोडीच्या हंगामात पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या, पहाटे फडात उतरणाऱ्या जोडप्याकडे यांतली पहिली गोष्ट नसतेच आणि दुसरी असेलच असे नाही. नवऱ्याने ‘नाही’ ऐकून घेतले नाही, तर दोष पद्धतीचा की पुरुषाचा, याचा निवाडा करण्यापूर्वीच दिवस गेलेले असतात.

या ऊसपट्ट्यात आईच्या शरीराचा विचार मजुरीच्या भाषेत होतो, हेही विसरता येत नाही. येथील कारखान्यांच्या फडांवर मराठवाड्यातून येणारी जोडपी ‘कोयता’ म्हणून मोजली जातात. उचल घेतलेली असते आणि एक दिवस चुकला तर खाडा पडतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, तेव्हा राज्य हादरले आणि तत्कालीन आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाळीचा त्रास नको, खाडा नको, म्हणून पिशवीच नको. हा धर्माचा नव्हे, दारिद्र्याचा प्रश्न आहे. पण ‘जीवनाचे पावित्र्य’ हा शब्दप्रयोग ज्यांच्या ओठी असतो, त्यांनी या पिशव्यांविषयी अधिक मोठ्याने बोलायला हवे होते.

वास्तविक बाळंतिणीचा जीव वाचवण्याच्या कामात कॅथलिक धर्मभगिनींचा वाटा मोठा आहे आणि तो त्यांना आपल्याच चर्चशी झगडून मिळवावा लागला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत धर्मभगिनींना प्रसूतिशास्त्राचे काम करण्यास चर्चच्या नियमांनी मनाई होती. रावळपिंडीत पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरला हात लावू देत नाहीत आणि बाळंतपणात मरतात, हे पाहून स्कॉटिश डॉक्टर ॲग्नेस मॅक्लॅरेन यांनी रोमचे उंबरठे झिजवले. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ॲना डेंगेल यांनी १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स ही संस्था काढली. बंदी उठली ती ११ फेब्रुवारी १९३६ रोजी. गुंटूर येथे आयुष्य घालवलेल्या डॉक्टर-धर्मभगिनी मेरी ग्लोरी यांनी १९४३ मध्ये कॅथलिक रुग्णालयांची देशव्यापी संघटना उभी केली. वसईतील सांडोरचे कार्डिनल ग्रेशियस रुग्णालय असो की श्रीरामपूरचे संत लूक रुग्णालय, सर्व धर्मांच्या बायका तिथे विश्वासाने जातात. म्हणजे आईच्या जिवासाठी नियम बदलण्याची परंपरा चर्चमध्येच आहे.

तरीही एक अडचण उरते, आणि ती तात्त्विक नाही. कॅथलिक रुग्णालयांच्या धोरणात नसबंदीची शस्त्रक्रिया बसत नाही. सिझेरियन होत असताना त्याच वेळी ती करून घेतली तर वेगळी भूल, वेगळी चीर, वेगळा खर्च वाचतो. धर्मभगिनींच्या रुग्णालयात तिसरे सिझेरियन झालेल्या बाईला मात्र काही महिन्यांनी सरकारी रुग्णालयात पुन्हा टेबलावर जावे लागते. तत्त्वाला धक्का न लावता रुग्णालयांना एक गोष्ट करता येण्यासारखी आहे : ही सोय इथे नाही, हे गरोदरपणाच्या पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगणे. म्हणजे कुठे बाळंत व्हायचे हे तिला वेळेत ठरवता येईल.

न सांगितल्याने काय होते, याचे टोकाचे उदाहरण मराठी वाचकाच्या शेजारचेच आहे. मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधील गॉलवेच्या रुग्णालयात सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ घातलेल्या अवस्थेत दाखल झाल्या. मूल वाचणार नव्हते. तरी हृदयाचे ठोके सुरू आहेत तोवर गर्भ काढता येणार नाही, असे सांगण्यात आले. जंतुसंसर्गाने २८ ऑक्टोबरला त्यांचा मृत्यू झाला. हा कॅथलिक देश आहे, अशा अर्थाचे वाक्य आपण उच्चारल्याचे तेथील सुईणीने चौकशीत मान्य केले. सविता कॅथलिक नव्हत्या. पण ज्या देशाने २५ मे २०१८ रोजी ६६.४ टक्के मतांनी गर्भपातावरील घटनात्मक बंदी हटवली, त्यातील बहुसंख्य मतदार कॅथलिक घरांतलेच होते. आईचा जीव धोक्यात असताना आवश्यक उपचार करण्यास कॅथलिक नीतिशास्त्र स्वतः आडवे येत नाही, असे अनेक धर्मपंडितांनी तेव्हा सांगितले. सविताच्या खाटेपाशी ते कोणी सांगितले नाही.

नगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) हरेगाव हे साखर कारखानदारीचेच गाव. तिथे दर सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला ऊसपट्ट्यातील आणि मराठवाड्यातील लाखो माणसे लोटतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाची बाळे वाहिली जातात. मूल व्हावे, झालेले जगावे, बाळंतपण सुखरूप व्हावे, ही मागणी घेऊन येणाऱ्या बायकांत हिंदूही पुष्कळ असतात. या गर्दीकडे श्रद्धाळूपणा म्हणून पाहण्याची शहरी सवय सोडली, तर दिसते ते असे की प्रकृतीविषयीची आपली भीती मोकळेपणाने बोलण्याची ही बाईची एकमेव जागा असते. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. यात्रेच्या मंडपात रक्त तपासणीचे टेबल नवसाच्या रांगेशेजारी असावे, इतके साधे काम धर्मप्रांताला करता येते.

शासनाच्या दारातली रांग मात्र अधिक अवघड आहे. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्र हे चांगली कामगिरी करणारे राज्य मानले गेल्याने संस्थेत बाळंत होणाऱ्या ग्रामीण स्त्रीला ७०० रुपये मिळत, तेही ती दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जातीची वा जमातीची असेल तर. आणि २०१३ पर्यंत पहिल्या दोन अपत्यांपुरतेच. नगर-मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबे बहुतांश पूर्वाश्रमीच्या दलित समाजातील. १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. शीख आणि बौद्धांना तो १९५६ व १९९० मध्ये खुला झाला, ख्रिस्तींचा प्रश्न २०२२ मध्ये नेमलेल्या बालकृष्णन आयोगाकडे गेला. त्यामुळे मिस्साला जाणारी बाई आणि तिचीच न बाटलेली चुलतबहीण एकाच वस्तीत, एकाच मुकादमाच्या हाताखाली राबून, एकाच खाटेवर बाळंत झाल्या तरी कागदावर वेगळ्या ठरतात. दारिद्र्यरेषेचे कार्ड असेल तर हा भेद मिटतो; नसेल तर नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत धर्माची अट नाही, पण पहिल्या अपत्याला ५००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६०००, तिसऱ्याला काहीच नाही.

तिसऱ्या बाळंतपणातच आईची प्रकृती सर्वांत अधिक ढासळलेली असते, हे कोणतीही सुईण सांगेल. ज्या बाईने धर्माची आज्ञा पाळून तिसरे मूल होऊ दिले, तिला शासनाच्या मातृवंदना योजनेतून मदत मिळत नाही. जिने शासनाचे ऐकून शस्त्रक्रिया केली, तिच्याशी धर्मगुरू त्याविषयी बोलत नाहीत. विवाहापूर्वीच्या मार्गदर्शन शिबिरात कॅथलिक वर आणि वधू दोघांनाही बसावे लागते. ऋतुचक्राचा तक्ता तिथे वधूच्या हाती दिला जातो. तो वराला वाचता येतो की नाही, याची परीक्षा घेण्यास मात्र अद्याप कोणत्याही शिकवणीची आडकाठी नाही.